उणे एकोणीस

गेल्या महिन्यात आमच्या घरचा जुना टेलिफोन गेला. म्हणजे तांब्याची तार गेली आणि तिच्या जागी फायबर आलं. ते बसवायला आलेल्या मुलाने भिंतीजवळ उकिडवं बसून त्या केसासारख्या तारेचं टोक पुसलं, हातातल्या चिमुकल्या यंत्रात खुपसलं आणि आकडा वाचला, "उणे एकोणीस."

मी खुर्चीत बसून भाजी निवडत होते. म्हटलं, "एकोणीस? मग चांगलंच येऊन राहिलं की. सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली गेलं असतं तर पंचाईत होती."

तो मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. चिरलेल्या मेथीकडे एकदा बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "आजी, तुम्ही खात्यात होत्या का?"

नाही बाबा. मी मराठीची बाई. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, बी.ए. सुद्धा मराठी माध्यमातूनच. फिजिक्सशी माझा संबंध एवढाच की फिजिक्सचे सर रजेवर असले की त्यांच्या तासाला मला पाठवत आणि मी मुलांना गोष्ट सांगत असे. (ते तास मुलांच्या जास्त लक्षात आहेत, असं ते आता भेटले की सांगतात. असो.)

पण उणे एकोणीस म्हणजे काय ते मला कळतं. ते कसं कळायला लागलं आणि त्यासाठी काय किंमत पडता पडता राहिली, ते आज लिहिते. घरातल्या दोन-तीन जणांनाच हे माहीत आहे. नातीची परवानगी घेतली आहे. "लिही, पण माझं नाव नको," म्हणाली. म्हणून ती इथे नुसती 'नात'.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता. नात पाडव्यासाठी चार दिवस आधी पुण्याहून आली, सोबत एक पाठीवरची बॅग आणि त्यात लॅपटॉप. पाडव्याच्याच दिवशी देश बंद झाला. चार दिवसांसाठी आलेली पोरगी दहा महिने राहिली. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दहा महिने. जगात काय चाललं होतं ते बघता हे म्हणायला संकोच वाटतो, पण खरं आहे ते खरं.

ती पुण्यात एका कंपनीत आहे. फायबरमधून प्रकाश पाठवायचा, त्यासाठी लागणारे भाग तपासायचे, असं काम. सुरुवातीचे दोन-अडीच महिने प्रयोगशाळेला कुलूपच होतं. मग दोघा-तिघांना आळीपाळीने आत जायची परवानगी मिळाली, आणि बाकीच्यांनी घरून ती यंत्रं चालवायची असं ठरलं. आमच्या मधल्या खोलीत, जिथे ह्यांचं टेबल होतं, तिथे नात बसायची आणि चारशेहून जास्त किलोमीटरवरचा लेसर चालू-बंद करायची.

मला पहिल्यांदा हे खरं वाटलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे तू इथून बटण दाबतेस आणि तिथे दिवा लागतो?"

"बटण नाही आजी. लिहिते. त्याला लिहून सांगते."

लिहून सांगते म्हटल्यावर माझे कान टवकारले. लिहायचं म्हणजे भाषा आली, आणि भाषा आली म्हणजे व्याकरण आलं. दुपारी तिचं काम जरा सैल असलं की मी शेजारी स्टूल घेऊन बसायचे. तिने मला जे शिकवलं ते माझ्या शब्दांत सांगते. जाणकारांनी हसू नये.

या यंत्रांची एक ठरलेली भाषा आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची वेगळी बोली असे. ह्या यंत्राला एक शब्द समजे, शेजारच्याला दुसरा. म्हणजे आपल्याकडे पैनगंगा ओलांडली की मराठवाड्यात जशी बोली बदलते, तसंच. १९९० साली मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन एक प्रमाणभाषा ठरवली. तिचं नाव 'स्कपी'. (नात 'स्किपी' म्हणायची, तिचा साहेब 'स्कपी'. इथेही बोलीभेद आहेच.) ही यंत्रं एकमेकांना जोडायची तार मात्र त्याहून जुनी. साठच्या दशकाच्या शेवटी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ती काढली आणि १९७५ मध्ये तिचं प्रमाण ठरलं. म्हणजे आधी रस्ता झाला आणि पंधरा वर्षांनी भाषा ठरली.

या भाषेतली वाक्यं सगळी आज्ञार्थी. 'कृपया' नाही, 'जरा' नाही. 'सोर्स, पॉवर, दहा' असं लिहिलं की लेसरची शक्ती दहावर. 'आउटपुट, ऑन' लिहिलं की प्रकाश बाहेर. शब्दांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. मोठ्या गोष्टीकडून लहान गोष्टीकडे जायचं, जसं पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव.

शब्द आखूड करायचा एक नियम आहे, तो तर मला इतका आवडला की मी वहीत लिहून ठेवला. इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरं घ्यायची, पण चौथं अक्षर स्वर असेल तर तीनच घ्यायची. म्हणून 'आउटपुट'ची चार राहतात, आणि 'पॉवर'मध्ये चौथं अक्षर 'ई' येतं म्हणून तीन. मी म्हटलं, "अगं, हा तर संधीचा नियम!" नात म्हणाली, "आजी, आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांना हा नियम माहीत नाही, नुसतं पाठ केलंय." मला फार बरं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. या यंत्राला आज्ञा दिली की ते उत्तर देत नाही. 'हो बाई' नाही, काही नाही, एकदम गप्प. त्याने ऐकलं की नाही, ऐकून केलं की नाही, तुम्हाला कळत नाही. ते बोलतं फक्त विचारल्यावर. आणि विचारायचं कसं, तर त्याच आज्ञेच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावायचं. 'पॉवर दहा' ही आज्ञा, 'पॉवर?' हा प्रश्न. प्रश्न विचारला की ते बापडं आकडा सांगतं. 'तू कोण?' असाही एक प्रश्न आहे, मग ते आपली कंपनी, नमुना आणि अनुक्रमांक हजेरीसारखं म्हणून दाखवतं. 'झालं का?' विचारता येतं, मग काम संपल्यावर 'एक' म्हणतं. 'चुकलं का काही?' असंही विचारता येतं, आणि चुका ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने ते एकेक सांगतं. त्याला झेपणार नाही असा आकडा दिला तर 'उणे दोनशे बावीस'. म्हणजे मर्यादेबाहेरची मागणी. पण हे सगळं विचारलं तर.

आणि विचारूनही एक मेख आहे. 'पॉवर?' म्हटल्यावर बरेचदा ते जे सांगतं ते तुम्ही ठरवून दिलेला आकडा असतो. प्रत्यक्षात तारेच्या टोकाला किती प्रकाश येतोय ते पाहायला वेगळा मीटर लावावा लागतो. शिकवलं किती आणि मुलांना आलं किती, यातला फरक ज्याने पेपर तपासले त्याला वेगळा सांगायला नको.

त्या आकड्यांचीही गंमत आहे. प्रकाशाची शक्ती वॅटमध्ये मोजतात, पण ही मंडळी डीबीएम म्हणतात. एक मिलिवॅट म्हणजे शून्य. शून्य म्हणजे काही नाही असं नाही, एक मिलिवॅट! तिथून दहा चढले की दसपट. म्हणजे दहा म्हणजे दहा मिलिवॅट, वीस म्हणजे शंभर, तीस म्हणजे हजार, एक पूर्ण वॅट. तीन चढले की साधारण दुप्पट, तीन उतरले की निम्मं. शून्याच्या खालीही तसंच, उणे दहा म्हणजे एक दशांश मिलिवॅट, उणे वीस म्हणजे एक शतांश. उणे प्रकाश म्हणजे अंधार नव्हे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, प्रकाश कधी उणे असतो का गं? तिने पाटीवर लिहून दाखवलं. आमच्या घरात अजून पाटी आहे.

यातला धोका असा की आकड्यामागे एकक लिहिलं नाही तर यंत्र आपल्या मनाने जे ठरलेलं असेल ते धरतं. आकड्याला एकक नसेल तर मी अर्धा मार्क कापायची हे नातीच्या बापाला चांगलं आठवतं. मराठीच्या पेपरात नव्हे, घरी गणित घ्यायची तेव्हा.

आता तो दिवस.

पोळ्याचा आठवडा होता. आभाळ दुपारपासून भरलेलं. नातीचं काम चालू होतं ते साध्या लेसरचं नव्हतं, त्याच्यापुढे प्रकाश वाढवणारं यंत्र लावलं होतं आणि त्यातून सत्तावीस निघत होतं. हिशेब करा, तीस म्हणजे एक वॅट, तीन उतरले, म्हणजे अर्धा वॅट. अर्धा वॅट म्हणजे काय, शून्याचा दिवासुद्धा त्याहून मोठा, असं वाटेल. पण दिव्याचा उजेड खोलीभर पसरतो. हा केसाहून बारीक वाटेतून येतो. शिवाय तो दिसत नाही. फायबरमधला हा प्रकाश आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडचा. चालू आहे की बंद, टोकाकडे बघून कळत नाही. आणि बघायचं तर मुळीच नाही.

हे मला वेगळं समजवावं लागलं नाही. माझ्या उजव्या डोळ्याला २०१२ साली लेसर झालेला आहे, साखरेमुळे पडद्याच्या रक्तवाहिन्या गळायला लागल्या होत्या म्हणून. हनुवटी टेकवून बसवलं होतं, डोळ्यावर भिंग, आणि डॉक्टर पायाने खटका दाबायचे. हिरवी वीज चमकायची. मध्येच ते शेजारच्या सिस्टरला आकडा सांगायचे, ती एक बटण फिरवायची. पहिल्यांदा कमी, मग थोडं वाढव, पडद्यावर फिकट पांढरा ठिपका दिसेपर्यंत. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई, किती लागेल ते डोळ्याडोळ्यावर असतं. म्हणून खालून वर जायचं, वरून खाली नाही." माझा तो डोळा वाचला तो प्रकाशाने जाळूनच. शंभर-दोनशे मिलिवॅट, सेकंदाचा दहावा भाग. त्या दिवशी पुण्याच्या तारेत त्याच्या दुप्पट-तिप्पट होतं आणि ते सतत चालू होतं.

प्रयोगशाळेत त्या दिवशी एकच मुलगा होता, परराज्यातला, तिशीच्या आतला. एका जोडणीत धूळ बसली असावी, आकडे कमी येत होते. ठरलं असं की नात इथून प्रकाश बंद करणार, मग तो जोडणी सोडवून टोक पुसणार आणि छोट्या सूक्ष्मदर्शकातून टोक स्वच्छ झालं का ते बघणार. सूक्ष्मदर्शकातून, म्हणजे डोळा लावून.

नातीने त्याला चॅटवर लिहिलं, 'बंद करतेय, तू घे.' मग आज्ञा लिहायला दुसऱ्या खिडकीत गेली, आणि लाईन गेली.

पंखा थांबला. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, पण तो पुढच्या खोलीला. इंटरनेटचा डबा त्यावर नव्हता. लॅपटॉप चालू, पण डबा मेला. म्हणजे निरोप गेला आणि आज्ञा गेली नाही. पुण्यात त्या मुलाच्या हिशेबी प्रकाश बंद होता. यंत्राच्या हिशेबी चालू. आणि त्या यंत्राला कोणी सांगितल्याशिवाय काही करायचं नसतं. मालक बोलायचा थांबला म्हणून ते थांबत नाही. शेवटची आज्ञा पाळत बसतं.

मी देवघरात निरांजन लावत होते. "आजी!" अशी हाक आली, ती हाक मी विसरणार नाही. मोबाईल घेऊन ती गच्चीकडे पळाली. आमच्या गल्लीत लाईन गेली की मोबाईलची रेंजही जायची. गच्चीवर पाऊस, एकच काडी, ती पण येते-जाते. खाली आली तेव्हा पांढरी पडली होती. मला एका वाक्यात सांगितलं. मला एक वाक्य पुरलं.

मी म्हटलं, "टेलिफोन आहे ना."

हा टेलिफोन ह्यांच्या नावावर होता. हे २०१४ ला गेले. त्यानंतर मुलगा दर दिवाळीला म्हणायचा, आई, बंद कर आता, उगाच बिल भरतेस. मी नाही केला, कारण नावाचा कागद बदलायचा नव्हता मला. बाकी काही कारण नव्हतं. पण त्या जुन्या फोनचं एक होतं, त्याला घरची वीज लागत नाही. टेलिफोनच्या कचेरीत मोठ्या बॅटऱ्या असतात, तिथूनच तारेतून त्याच्यापुरती वीज येते. गल्लीभर अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की तो 'ऊं' आवाज असतोच.

तिने मोबाईलमध्ये नंबर बघितला आणि टेलिफोनवर फिरवला. लागेना. तिसऱ्यांदा फिरवायला लागली तेव्हा मी हात धरला. "अगं, तिकडचा नंबर ना त्याचा? आधी शून्य लाव." ह्या पिढीने टेलिफोनवरून बाहेरचा मोबाईल कधी लावलेला नसतो. शून्य लावलं. वाजला. त्याने कापला. अनोळखी नंबर, कोणीतरी कर्ज विकत असेल असं वाटलं त्याला. परत लावला. यावेळी उचलला.

नात ओरडली, "हाथ मत लगाना! चालू है!"

मी रिसीव्हरच्या इतक्या जवळ होते की त्याचं ऐकू आलं. आधी काहीच नाही. मग, "रुको." मग पावलं. मग, "हां... ऑन है." मग खटका. "अब ऑफ है." तो हातमोजे घालत होता. जोडणी अजून सोडवलेली नव्हती.

नात जमिनीवरच बसली, भिंतीला टेकून. मी पाणी दिलं. अर्ध्या तासाने लाईन आली.

आता मी माझ्याबद्दल लिहिते, कारण ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल.

रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या सरांना कळवते. माझी चूक आहे. बंद झालंय का ते विचारल्याशिवाय मी त्याला सांगायलाच नको होतं."

मी म्हटलं, "कशाला? त्याला काही झालं नाही. तो बोलणार नाही. नवीन नोकरी आहे, लोकांच्या नोकऱ्या जाऊन राहिल्या. गप्प बस."

हे मी बोलले. चौतीस वर्षं 'चूक कबूल करणारा मोठा' यावर निबंध लिहून घेतलेली बाई. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आजी हे म्हणतेय होय, अशा नजरेने. मग म्हणाली, "आजी, दुसऱ्या कोणाच्या घरी टेलिफोन नसेल."

यावर मला बोलायला काही नव्हतं. मी ताटं उचलली.

रात्री झोप नाही. मला १९८३-८४ च्या सुमाराचा एक मुलगा आठवत राहिला. वर्गातला जिल्ह्याचा नकाशा त्याच्या हातून फाटला. कोणी पाहिलं नव्हतं. तो स्वतः येऊन म्हणाला, "बाई, माझ्याकडून फाटला." आणि मी त्याला छडी दिली. एक नाही, चार. नकाशा नवीन होता म्हणून. त्या वर्गातून पुढे वर्षभर कोणी काही कबूल करायला माझ्याकडे आलं नाही. मी तेव्हा समजले की वर्ग सुधारला.

नातीने सकाळी सविस्तर पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं नाही, आणि मी मागितलं नाही. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. तो बराच वेळ चालला. मी स्वयंपाकघरात भांडी उगाच हळू घासत होते. बाहेर आली ती म्हणाली, "ओरडले नाहीत. म्हणाले, आता हे परत कसं होणार नाही ते तूच लिही."

तिने लिहिलं. पहिलं म्हणजे, प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवरच एक छोटा पहारेकरी बसवला. इथून दर काही सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप जायचा, तो आला नाही की पहारेकरी आपणहून प्रकाश बंद करायचा. दुसरं, बंदची आज्ञा दिल्यावर 'चालू आहेस का?' हा प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर शून्य आलं पाहिजे, आणि मीटरवरचा आकडाही पडलेला दिसला पाहिजे, मगच तिथल्या माणसाला सांगायचं. तिसरं, तिथल्या माणसाने घरून आलेल्या निरोपावर मुळीच विसंबायचं नाही, यंत्राची किल्ली स्वतः फिरवून काढायची आणि खिशात ठेवायची. अशा यंत्रांना किल्ली असते, आणि दार उघडलं की प्रकाश तोडणारी तारही लावता येते. ती सोय आधीपासून होती. किल्ली यंत्रालाच लावून ठेवायची सवय होती, एवढंच.

मला पहारेकऱ्याची कल्पना सगळ्यात आवडली. पण नात म्हणायची, खरी ती किल्ली.

पुढे २०२४ च्या जानेवारीत सगळे मिळून औंढ्या नागनाथाला गेलो. पुसदहून हिंगोली फार लांब नाही. (हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला, माझ्या तोंडात अजून परभणीच येतं.) दर्शन झालं, बाहेर येऊन चहा घेतला. नात म्हणाली, "आजी, इथेच जवळ लायगो होतंय, माहीत आहे ना?"

नाव ऐकलं होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने २६०० कोटी मंजूर केले, ११ मे ला पायाभरणी झाली, ते पेपरात वाचलं होतं. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, काटकोनात. त्यातून लेसर जाणार, टोकाच्या आरशांवर आपटून परत येणार. आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की जी लाट उठते तिने त्या नळीची लांबी बदलते. किती? अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्याही दहाहजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी. अमेरिकेत अशी दोन आहेत, आणि अशी पहिली लाट त्यांना १४ सप्टेंबर २०१५ ला सापडली. त्या कामात पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर कितीतरी वर्षं आधीपासून होते. आवाजाच्या गोंगाटातून ती लाट ओळखायची कशी याचं गणित त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलं.

पण मला तिथे आवडलं ते वेगळंच. नात म्हणाली, अमेरिकेत तो लेसर एकदम पूर्ण शक्तीवर लावत नाहीत. आधी दोन वॅटसारख्या थोड्या शक्तीवर ठेवतात. आरसे एकमेकांशी जुळेपर्यंत थांबतात. जुळले की मग नियंत्रण कक्षातून आज्ञा जाते, तिकडे काचेची एक चकती हळूहळू फिरते आणि प्रकाश टप्प्याटप्प्याने वाढतो. नळीत तोच प्रकाश मागे-पुढे खेळून खेळून लाखो वॅटवर जातो. घाई केली तर चाळीस-चाळीस किलोचे ते आरसे तापून अगदी किंचित फुगतात आणि सगळं सुटतं. पुन्हा दोनपासून सुरुवात. आणि हे टप्पे माणूस नाही चढवत, त्यासाठी एक प्रोग्राम लिहिलेला आहे. प्रत्येक पायरीवर तो तपासतो, मगच पुढची पायरी. सुटलं तर स्वतःच खाली येतो. त्याला तिथे 'गार्डियन' म्हणतात.

"म्हणजे तुझा पहारेकरी," मी म्हटलं.

"माझा फार लहान आहे, आजी."

आपल्याकडचं ते २०३० पर्यंत व्हायचं आहे. लेसरचं काम इंदूरच्या सरकारी केंद्राकडे आहे म्हणे. मी असेन-नसेन. पण पैनगंगेच्या पलीकडे, जिथे आम्ही श्रावणात जायचो, तिथे कोणीतरी अंधारात बसून लेसरला 'थोडा वाढ' म्हणेल, हे मनात येऊन गाडीत परतताना मी बराच वेळ बाहेर बघत होते. कापसाची शेतं वेचून झालेली होती, नुसत्या पळाट्या उभ्या.

तर असा आमचा टेलिफोन. आता गेला. फायबरवाल्या मुलाने जुना डबा काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हा फेकू का?" मी म्हटलं, "ठेव तिथेच." ह्यांच्या फोटोखाली तो अजून आहे, तार नसलेला. नवीन तारेतूनही लेसरच येतो, पण त्याच्या डब्याला घरची वीज लागते, म्हणून या वेळी मी इन्व्हर्टरवाल्याला बोलावून डबा आधी त्यावर घेतला.

संध्याकाळी नातीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. "बसलं का नवीन?"

"बसलं. उणे एकोणीस."

"वा! आणि इन्व्हर्टरवर घेतलंस?"

"घेतलं की."

"दाखव."

मी चष्मा पुसला, मोबाईल भिंतीकडे फिरवला, आणि तिला दिसेपर्यंत हात तसाच धरून उभी राहिले.